नेम न हलवता वार: वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टमध्ये टार्गेटिंगचे मॅक्रो कसे लिहावेत

डंजनमध्ये टँकने पाच शत्रूंचा घोळका अंगावर घेतला आहे. तुमचं टार्गेट पुढचा तलवारवाला आहे. तेवढ्यात मागे उभा असलेला जादूगार हात वर करतो आणि त्याच्या नावाखालची पट्टी भरू लागते. पट्टी भरायला दोन-अडीच सेकंद लागणार. तेवढ्यात टॅब दाबत दाबत त्याच्यापर्यंत पोचायचं, त्याचा मंत्र तोडायचा आणि परत तलवारवाल्याकडे यायचं. टॅब एकदा जास्त दाबला गेला की वार भलत्यावरच पडतो, मंत्र पूर्ण होतो आणि सगळ्या पार्टीची हेल्थ खाली येते. अशा वेळी नवे खेळाडू स्वतःच्या हाताला दोष देतात. हात बिचारा बरोबरच चाललेला असतो. एका वारासाठी त्याला जुनं टार्गेट सोडणं, नवं पकडणं आणि जुनं परत मिळवणं ही तीन जादा कामं करावी लागतात, तिथे घोटाळा होतो.

चांगल्या मॅक्रोचं काम ही तीन कामं काढून टाकण्याचं. म्हणून सुरुवातीलाच सांगतो: लढाईचा मॅक्रो लिहिताना आपलं चालू टार्गेट शक्यतो बदलू नका. नवशिक्यांचे बरेचसे मॅक्रो टार्गेट बदलण्याच्या आज्ञेने सुरू होतात, आणि पुढचे बहुतेक त्रास तिथूनच येतात. आपण कोणाकडे बघतोय आणि वार कोणावर करतोय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गेम त्या वेगळ्या ठेवू देतो आणि मॅक्रोची खरी ताकद त्यातच आहे.

पुढे दिलेल्या आज्ञा देवनागरीत लिहिल्या आहेत. गेममध्ये टाइप करताना हे शब्द रोमन अक्षरांत, इंग्रजी स्पेलिंगप्रमाणे लिहायचे. तिरकी रेघ, चौकटी कंस, स्वल्पविराम, अर्धविराम आणि @ ही चिन्हं मात्र इथे दिसतात तशीच ठेवायची.

मॅक्रोची खिडकी उघडायला चॅटमध्ये /मॅक्रो असं टाइप करा. खिडकीत दोन कप्पे दिसतील. एक तुमच्या सगळ्या पात्रांसाठी असतो, दुसरा फक्त चालू पात्रासाठी. नवा मॅक्रो घेतला की नाव आणि चित्र विचारलं जातं. चित्र म्हणून लाल प्रश्नचिन्हच निवडा, त्याचं कारण पुढे येईल. एका मॅक्रोत 255 अक्षरं मावतात, त्यात रिकाम्या जागाही मोजल्या जातात. स्पेलचं नाव हाताने टाइप करण्यापेक्षा स्पेलबुक उघडा आणि शिफ्ट दाबून त्या स्पेलवर क्लिक करा. नाव अचूक स्पेलिंगसह मॅक्रोत येतं. एखादं अक्षर चुकलं तर मॅक्रो काहीच करत नाही, आणि भर लढाईत ती चूक सापडत नाही. शिवाय लढाई चालू असताना मॅक्रो बदलताच येत नाही. जी काय तयारी करायची ती आधी.

मॅक्रोला काय कळतं आणि काय कळत नाही, हे नीट समजून घेतलं तर पुढचं सगळं सोपं आहे. त्यासाठी थोडं मागे जाऊ. नोव्हेंबर 2004 मध्ये हा गेम आला तेव्हा मॅक्रो आणि अ‍ॅडऑन यांना खूपच मोकळीक होती. डिकर्सिव्ह नावाचं एक अ‍ॅडऑन फार गाजलं होतं. तुम्ही एकच की दाबत राहायची. पार्टीत शाप कुणाला लागलाय, विष कुणाला चढलंय हे ते स्वतः शोधून काढायचं आणि उतारा टाकायचं. कोणाला आधी वाचवायचं हा हीलरचा निर्णय यंत्र घेत होतं. डिसेंबर 2006 मध्ये, बर्निंग क्रूसेडच्या थोडं आधी, 2.0.1 हा पॅच आला आणि हे बंद झालं. लढाईत टार्गेट निवडणं आणि स्पेल टाकणं यासाठी माणसाने की दाबायलाच हवी, आणि निवड कशावरून करायची याची ठरावीक यादी मिळाली. आजचे मॅक्रो त्याच चौकटीत चालतात.

ती यादी बारकाईने पाहिली तर तिच्यामागचं धोरण दिसतं. माउस कोणावर आहे, शिफ्ट दाबलंय का, समोरचा शत्रू आहे की मित्र, तो जिवंत आहे की मेलेला, तुम्ही लढाईत आहात का, कोणत्या पवित्र्यात आहात, हे मॅक्रोला कळतं. शत्रूची हेल्थ किती उरली, त्याच्यावर तुमचा विषाचा स्पेल चालू आहे का, तुमच्या स्पेलचा कूलडाउन संपला का, शत्रू टप्प्यात आहे का, मध्ये खांब आडवा आलाय का, यातलं काहीही त्याला कळत नाही. म्हणजे तुमच्या हातांनी काय केलं ते मॅक्रो वाचतो. लढाई वाचण्याचं काम तुमचं. ही विभागणी मला मनापासून पटते, कारण तिच्यामुळेच या खेळातलं कौशल्य टिकून आहे. 2025 मध्ये गेममध्येच आलेला सहायक पुढचा स्पेल कोणता ते उजळून दाखवतो. पण घोळक्यातल्या कोणाचा मंत्र आधी तोडायचा, हे त्यानंतरही तुम्हालाच ठरवावं लागतं.

आणखी एक मर्यादा सुरुवातीलाच ध्यानात ठेवा. बहुतेक स्पेल एका सामाईक थांब्याला बांधलेले असतात, त्याला ग्लोबल कूलडाउन म्हणतात. तो मुळात दीड सेकंदाचा. एकदा की दाबल्यावर त्या थांब्यातला एकच स्पेल जातो. एका मॅक्रोत चार हल्ले भरून एका दाबात चारही सुटतील, असं होत नाही.

आता व्याकरण. मॅक्रोची साधी ओळ अशी दिसते:

/कास्ट [@माउसओव्हर,हार्म,नोडेड][] मूनफायर

मूनफायर हा ड्रुइडचा स्पेल. स्पेल म्हणजे पाकिटातली चिठ्ठी आणि @ नंतर येतो तो पाकिटावरचा पत्ता. पत्ता लिहिला नाही तर चिठ्ठी चालू टार्गेटकडे जाते. पत्ता लिहिला तर ती तिथेच पोचते, आणि तुमचं टार्गेट जागचं हलत नाही. चौकटी कंसातला स्वल्पविराम म्हणजे ‘आणि’: माउसखालचा कोणीतरी शत्रू आहे आणि तो मेलेला नाही. शेजारी शेजारी ठेवलेले दोन कंस म्हणजे ‘नाहीतर’: पहिला खरा ठरला नाही तर दुसरा. रिकामा कंस कायम खरा असतो, म्हणून तो नेहमी शेवटी. गेम डावीकडून वाचत जातो आणि पहिला खरा कंस सापडला की तिथेच थांबतो. शर्तीप्रमाणे वेगळाच स्पेल हवा असेल तर मध्ये अर्धविराम येतो.

वरची ओळ आता वाचून बघा. माउसखाली जिवंत शत्रू असेल तर मूनफायर त्याच्यावर, नसेल तर चालू टार्गेटवर. समोरच्या राक्षसावर लक्ष ठेवून बाजूच्या चौघांवर माउस फिरवत चार वेळा की दाबली की चौघांवरही मूनफायर लागतो, आणि राक्षस तुमच्या टार्गेटमधून एकदाही सुटत नाही.

‘नोडेड’ अनेक जण गाळतात. घोळका निम्मा मेला की जमिनीवर प्रेतं पसरतात, माउस त्यांच्यावरून जातो, आणि मॅक्रो प्रेताचाच पत्ता धरून बसतो. स्पेल जात नाही, फक्त लाल अक्षरांत तक्रार येते. ‘नोडेड’ लिहिलं की प्रेत ओलांडून तो पुढच्या कंसाकडे जातो. ‘एक्झिस्ट्स’ मात्र इथे लिहू नका. ‘हार्म’ खरं असेल तर समोर कोणीतरी आहे हे उघडच आहे. 255 अक्षरांत अशी बचत कामी येते. जुन्या मॅक्रोंमध्ये @ च्या जागी ‘टार्गेट=’ असं लांबलचक लिहिलेलं आढळतं. तेही चालतं, पण आता त्याची गरज नाही.

शेवटचा रिकामा कंस ठेवायचा की नाही, हा थोडा विचार करण्याचा मुद्दा आहे. मूनफायरसारखा रोजचा वार असेल तर ठेवा. माउस चुकला तरी वार वाया जाऊ नये. पण ज्या स्पेलला मोठा कूलडाउन आहे, किंवा जो भलत्यावर गेला तर नुकसान होईल, तिथे तो काढून टाका. मग शर्त जुळली नाही तर काहीच होत नाही, आणि तेच हवं असतं.

माउसओव्हरची सवय लागेपर्यंत एक-दोन गोष्टी सांभाळा. शत्रूच्या अंगावर माउस नेण्यापेक्षा त्याच्या डोक्यावरच्या नावाच्या पट्टीवर नेणं खूप सोपं. त्या पट्ट्या मूळ सेटिंगमध्ये व्ही या कीने दिसतात आणि जातात. पट्टीवरचा माउसही माउसओव्हरच धरला जातो, तसंच पार्टीतल्या मित्रांच्या चौकटींवरचाही. कॅमेरा फिरवण्यासाठी माउसचं बटण दाबून धरलं असेल आणि कर्सर दिसत नसेल, तेव्हा मात्र माउसओव्हरवर भरवसा ठेवू नका.

आता प्रश्नचिन्हाच्या चित्राचं कारण. मॅक्रोची पहिली ओळ #शोटूलटिप अशी ठेवली आणि चित्र प्रश्नचिन्ह असलं, तर बटणावर त्या क्षणी जो स्पेल जाणार असेल त्याचं चित्र आणि कूलडाउन दिसतो. मॅक्रो तपासायची ही सगळ्यात सोपी जागा. स्टॉर्मविंड किंवा ऑर्ग्रिमारमध्ये सरावाचे पुतळे उभे असतात, त्यांच्यासमोर जा. प्रीस्ट असाल तर ही ओळ लिहा:

/कास्ट [@माउसओव्हर,हेल्प,नोडेड] फ्लॅश हील; [हार्म,नोडेड] स्माइट

पुतळा टार्गेट करा. बटणावर स्माइटचं चित्र दिसेल. आता माउस शेजारच्या मित्रावर न्या. चित्र बदलून फ्लॅश हीलचं होईल. माउस रिकाम्या जमिनीवर न्या, स्माइट परत येईल. की न दाबताच मॅक्रो कोणता कंस निवडतोय ते डोळ्यांसमोर दिसतं. चित्र बदललं नाही तर समजा कंसात चूक आहे. बहुतेकदा स्वल्पविराम राहिलेला असतो किंवा कंस बंद केलेला नसतो. प्रत्येक नवा मॅक्रो पुतळ्यासमोर असा वळवून बघितल्याशिवाय डंजनमध्ये नेऊ नका.

सुरुवातीच्या त्या जादूगाराकडे येऊ. मंत्र तोडण्यासाठी माउसओव्हरपेक्षा फोकस जास्त भरवशाचा. फोकस म्हणजे तुम्ही बाजूला नोंदवून ठेवलेलं दुसरं टार्गेट. त्याची वेगळी चौकट पडद्यावर राहते आणि त्याच्या मंत्राची पट्टी तिथे दिसते. घोळका येताना ही की दाबायची:

/फोकस [@माउसओव्हर,हार्म,नोडेड][]

आणि लढाईत ही:

#शोटूलटिप
/कास्ट [@फोकस,हार्म,नोडेड][] काउंटरस्पेल

काउंटरस्पेल मेजचा. वॉरियर तिथे पमेल लिहील, रोग किक, शमन विंड शिअर. जादूगार फोकसमध्ये असेपर्यंत तुम्ही कोणालाही मारत असा, ही की त्याचाच मंत्र तोडेल. तो मेला की ‘नोडेड’मुळे की चालू टार्गेटसाठी वापरता येते. फोकसची की दाबताना माउसखाली कोणी नसेल आणि टार्गेटही नसेल तर जुना फोकस पुसला जातो. तो कधी गायब झाला तर कारण बहुधा हेच.

इथे एक गैरसमज हमखास होतो. फोकसमधला जादूगार भिंतीमागे गेला किंवा टप्प्याबाहेर गेला, तर मॅक्रो आपोआप टार्गेटकडे वळेल असं अनेकांना वाटतं. तो वळत नाही. जादूगार जिवंत आहे, शत्रू आहे, म्हणजे पहिला कंस खरा ठरला आणि निवड तिथेच संपली. भिंत मॅक्रोला दिसत नाही. स्पेल अडतो आणि तुम्ही की बडवत राहता. म्हणून अनुभवी खेळाडू दोन वेगळ्या वाटा ठेवतात, आणि माझाही सल्ला तोच आहे:

/कास्ट [मॉड:शिफ्ट,@फोकस,हार्म,नोडेड][नोमॉड] काउंटरस्पेल

नुसती की म्हणजे टार्गेट, शिफ्टसह की म्हणजे फोकस. शेवटी रिकामा कंस न ठेवता ‘नोमॉड’ लिहिलं आहे, त्यामुळे शिफ्ट दाबूनही फोकस नसेल तर काउंटरस्पेल भलत्यावर खर्च होत नाही. कोणाला मारायचं हे बोटांनी ठरवलं आणि मॅक्रोने ते पोचवलं. यात अंदाज कुठेच उरत नाही.

शिफ्ट वापरताना एक अडचण मात्र येते. मूळ सेटिंगमध्ये शिफ्टसह 1 ते 6 या की अ‍ॅक्शन बारची पानं बदलण्यासाठी राखलेल्या असतात. तुमचा मॅक्रो 2 वर असेल तर शिफ्ट आणि 2 दाबल्यावर मॅक्रो चालत नाही, बारचं पान उलटतं आणि सगळी बटणं बदललेली दिसतात. कीबाइंडिंगच्या सेटिंगमध्ये जाऊन त्या जोड्या आधी मोकळ्या करा. ऑल्टलाही मूळ सेटिंगमध्ये स्वतःवर स्पेल टाकण्याचं काम दिलेलं असतं. ऑल्टवर मॅक्रो बांधायचा असेल तर तेही काढून घ्या. ‘माझा मॅक्रो चालत नाही’ अशी तक्रार घेऊन कोणी आलं की मी आधी कीबाइंडिंग उघडायला सांगतो, मॅक्रो नंतर.

मेज किंवा इतर मंत्रवाल्यांसाठी आणखी एक भर असते: काउंटरस्पेलच्या वरच्या ओळीत /स्टॉपकास्टिंग. तुम्ही स्वतः एखादा लांब मंत्र म्हणत असलात तर तो सोडून काउंटरस्पेल लगेच जातो. ही ओळ कामाची आहे, पण तिची किंमतही आहे. काउंटरस्पेल कूलडाउनवर असताना की चुकून दाबली तरी तुमचा चालू मंत्र तुटतो, कारण कूलडाउन मॅक्रोला दिसत नाही. ज्यांना एकच की सारखी बडवायची सवय आहे त्यांनी ती ओळ न घेतलेलीच बरी.

फोकसची जागा एकच असते. मेजने ज्याला मेंढरू करून ठेवलंय तो शत्रू फोकसमध्ये ठेवायचा की मंत्र तोडायचा तो, की हंटरने मिसडायरेक्शनसाठी टँकला तिथे बसवायचं, हे डंजन सुरू होण्याआधी ठरवा. माझ्या मते पार्टीत मंत्र तोडण्याची जबाबदारी असेल तर फोकस शत्रूसाठीच राखावा. टँकसाठी दुसरी सोय आहे. पार्टीतल्या माणसाचं नाव थेट पत्त्यात लिहिता येतं, म्हणजे @ नंतर टँकच्या पात्राचं नाव. फक्त पार्टी बदलली की ते नाव बदलायला विसरू नका. एरिनात तर गेमने तयार पत्तेच दिले आहेत: @एरिना1, @एरिना2, @एरिना3. तिघा विरोधकांसाठी मंत्र तोडायच्या तीन की बांधल्या की शोधाशोध संपते. मोठ्या लढायांत @बॉस1 असाच वापरता येतो.

टार्गेट बदलायचंच असेल तर? काही ठिकाणी ते रास्त आहे. मोकळ्या मैदानात एकट्याने शत्रू मारत हिंडताना ही ओळ उपयोगी पडते:

/टार्गेटएनिमी [नोहार्म][डेड]
/स्टार्टअटॅक

टार्गेट नसेल, मित्र असेल किंवा मेलेलं असेल तर जवळचा नवा शत्रू पकड आणि हाणायला लाग, एवढाच याचा अर्थ. जिवंत शत्रू आधीच धरलेला असेल तर मॅक्रो त्याला सोडत नाही. पहिल्या ओळीतल्या दोन कंसांनीच हा मॅक्रो सुरक्षित झाला आहे. ते नसते तर प्रत्येक दाबाला टार्गेट उडी मारत राहिलं असतं. तरीही डंजनमध्ये हा मॅक्रो बारवरून काढून ठेवा. समोरचा शेवटचा शत्रू मेला आणि की एकदा जास्त दाबली गेली, तर टप्प्यातला पुढचा घोळका टार्गेट होतो आणि त्याच्या मागे येणारा हल्ला त्यांना जागं करतो. घोळक्यात मेंढरू केलेला शत्रू असेल तर तोच पकडला जाण्याचीही शक्यता असते, आणि पहिला घाव बसताच त्याचं मेंढरूपण संपतं.

नावाने टार्गेट करण्याचा मोह सगळ्यांनाच होतो, विशेषतः शमनच्या टोटेमांसाठी. समोरच्या शमनने ग्राउंडिंग टोटेम रोवलं की तुमचा पुढचा स्पेल ते स्वतःवर ओढून घेतं, म्हणून ते आधी पाडायचं असतं. इथे गडबड होते ती अशी: /टार्गेट या आज्ञेला नाव सापडलं नाही तर ती काहीच करत नाही. तुमचं जुनं टार्गेट तसंच राहतं, आणि पुढच्या ओळीतला स्पेल त्याच्यावर जातो. शिवाय ही आज्ञा नावाच्या सुरुवातीच्या अक्षरांवरही समाधान मानते, त्यामुळे मिळत्याजुळत्या नावाचं दुसरंच काहीतरी पकडलं जाऊ शकतं. सुरक्षित रूप असं:

/क्लिअरटार्गेट
/टार्गेटएक्झॅक्ट ग्राउंडिंग टोटेम
/कास्ट [हार्म,नोडेड] मूनफायर
/टार्गेटलास्टटार्गेट

आधी हात मोकळे करायचे, मग नेमकं नाव शोधायचं. सापडलं तरच वार, कारण टार्गेट नसेल तर ‘हार्म’ खोटं ठरतं. शेवटी जुन्या टार्गेटवर परत. टोटेम नसेल तर मॅक्रो एक चक्कर मारून पूर्वीच्याच जागी येतो.

हीलरसाठी टार्गेट न बदलण्याची शिस्त सर्वात मोलाची आहे. हीलरचं टार्गेट टँकच असावं, म्हणजे त्याची हेल्थ सतत डोळ्यांसमोर राहते. मधल्या मोकळ्या वेळात हल्ला करायचा असेल तर टँक ज्याला मारतोय त्याच्यावरच करावा:

/कास्ट [हार्म,नोडेड][@टार्गेटटार्गेट,हार्म,नोडेड] स्माइट

टार्गेट शत्रू असेल तर थेट त्याच्यावर, टँक असेल तर टँकच्या टार्गेटवर. वेगळी /असिस्ट आज्ञा लागत नाही आणि टँकची चौकट डोळ्यांसमोरून हलत नाही. इथेही रिकामा कंस मुद्दाम ठेवलेला नाही. हंटर आणि वॉरलॉक यांनी हीच पद्धत पाळीव प्राण्यासाठी वापरावी, /पेटअटॅक [@माउसओव्हर,हार्म,नोडेड][] अशी. जमिनीवर टाकायच्या फ्लेमस्ट्राइकसारख्या स्पेलना @कर्सर लावला की हिरवं वर्तुळ ठेवून परत क्लिक करण्याची पायरी जाते. नेम चुकला तर स्पेल आधीच सुटलेला असतो, एवढं ध्यानात ठेवा.

महाराष्ट्रातून खेळणाऱ्यांना या सगळ्याचा फायदा जरा जास्तच. भारतात या गेमचा सर्व्हर नाही, त्यामुळे युरोपातल्या किंवा सिडनीतल्या सर्व्हरवर खेळावं लागतं आणि प्रत्येक आज्ञेला तिथे पोचायला वेळ लागतो. तो वेळ आपल्या हातात नाही. मॅक्रोच्या शर्ती मात्र आपल्याच कॉम्प्युटरवर, की दाबल्याच्या क्षणी तपासल्या जातात. टॅबच्या दोन-तीन दाबांत जाणारा अर्धा सेकंद वाचला तर दूरच्या सर्व्हरवरूनही मंत्र वेळेत तोडता येतो.

/कास्टसीक्वेन्स ही आज्ञा, म्हणजे एकाच कीवर स्पेल ओळीने, मी टार्गेटिंगच्या कामासाठी सुचवत नाही. मधला एखादा स्पेल अडला की सगळी रांग तिथेच अडकते. वापरायचीच असेल तर निदान ‘रीसेट=टार्गेट’ लिहा, म्हणजे टार्गेट बदललं की रांग पहिल्यापासून सुरू होईल.

नियमांचं एक सांगायला हवं. गेमच्या खिडकीत लिहिलेला कोणताही मॅक्रो वैध असतो, कारण जे चालू द्यायचं नाही ते तिथे लिहिताच येत नाही. कीबोर्ड किंवा माउसबरोबर येणारं सॉफ्टवेअर वेगळं. एका दाबात वेळ मोजून चार की दाबणारी रचना तिथे करता येते, पण ती स्वयंचलित खेळ धरली जाते आणि त्यासाठी अकाउंट बंद होऊ शकतं. एकच की अनेक खात्यांना एकदम पाठवणाऱ्या सॉफ्टवेअरवरही नोव्हेंबर 2020 मध्ये बंदी जाहीर झाली. एक दाब, एक कृती, ही सीमा ओलांडू नका. वर दिलेला प्रत्येक मॅक्रो तिच्या आत आहे.

आणि पार्टीत खेळताना फोकस कोणाचा कोण हे इतरांना दिसू द्या. फोकसच्या मॅक्रोत आणखी एक ओळ घाला:

/टीएम [@माउसओव्हर,हार्म,नोडेड][] 5

त्या शत्रूच्या डोक्यावर चंद्र उमटतो. 8 लिहिलं तर कवटी, 7 लिहिलं तर लाल फुली. चंद्र म्हणजे मेंढरू, कवटी म्हणजे आधी मारा, हा संकेत खेळाडूंमध्ये जुना आहे. इतर खुणांचा अर्थ पार्टीने आपसात ठरवून घ्यावा. पाच जणांच्या पार्टीत कोणीही खूण करू शकतो, रेडमध्ये ती मुभा फक्त प्रमुखाला आणि त्याच्या साहाय्यकांना असते. मंत्र तोडणारे दोघे असतील तर दोघांच्या मॅक्रोत दोन वेगळे आकडे ठेवा. मग एकाच जादूगारावर दोघांचेही वार खर्च होऊन दुसरा जादूगार मोकळा राहत नाही.

मोठा पॅच आला की बार एकदा नजरेखालून घाला. स्पेलची नावं बदलतात, काही टॅलेंटमध्ये जातात, काही निघून जातात. मॅक्रोत मात्र जुनंच नाव असतं. बटणावर स्पेलच्या चित्राऐवजी नुसतं प्रश्नचिन्ह दिसू लागलं तर त्या मॅक्रोला स्पेल सापडत नाही असं समजा. तो उघडा, जुनं नाव पुसा, नवीन स्पेलवर शिफ्ट दाबून क्लिक करा आणि पुतळ्यासमोर माउस फिरवून चित्र बदलतंय का ते बघा. कंसांना सहसा हात लावावा लागत नाही.